लाकडी कड्याचा कायदा

माझे धाकटे दीर निवृत्त होईपर्यंत एका लहानशा स्टेशनचे मास्तर होते. तिथे रूळ एकच, आणि गाड्या दोन्हीकडून यायच्या. त्यांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून एक कडं असायचं. ते ज्या चालकाच्या हातात, त्याचीच गाडी पुढे जाणार; बाकीच्यांनी थांबायचं. भाऊजींची सारी नोकरी हे कडं देण्याघेण्यात गेली आणि स्वभावही तसाच झाला. घरात कुणी बाथरूमचं दार वाजवलं, तर आतून उत्तर यायचं, "लाइन क्लिअर नाही."

निवृत्तीनंतर माणसं बागकाम काढतात आणि कंबर धरून बसतात. भाऊजींनी एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि तिच्यात घर मांडलं. रात्री पलंग होणारी बाकं, हातभर ओटा, बाकाखाली बॅटरी, छपरावर सोलर. हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. धाकटीची, म्हणजे माझ्या जावेची, छाती नाजूक. सकाळ, दुपार, संध्याकाळ मास्क लावून तिला मशीनमधून औषधाची वाफ घ्यावी लागते. मशीनला वीज लागते, म्हणून बाई भिंतीतल्या सॉकेटला सोडून कुठे जायला तयार नसे. तिची थोरली बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहते. तिचे गुडघे गेलेले, तिलाही प्रवास जमत नाही. फोनवर एकमेकींना "तूच ये" म्हणता म्हणता दोघींचे केस पांढरे झाले.

"येते मी," धाकटी शेवटी म्हणाली. "पण औषध घेताना मशीन एकदा जरी बंद पडलं, तर तिथूनच गाडी मागे वळवायची. आणि व्हॅन विकायची. जाऊबाई साक्षीला येतील."

जाऊबाई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी बॅग भरली.

निघण्याआधी भाऊजींनी आम्हा दोघींना ओट्यापाशी उभं करून धडा दिला. फोन, दिवा, छोटा पंखा यांची सोय पुढच्या लहान सॉकेटवर. तिथे थेट बॅटरीची वीज. घरातली पिन असलेल्या वस्तू इन्व्हर्टरवर. लावण्याआधी वस्तू उलटी करून तळावरचे वॅट वाचायचे. मल्टिप्लगमध्ये मल्टिप्लग, असली उतरंड रचायची नाही.

"तापणाऱ्या वस्तू फार वीज खातात," ते म्हणाले. "केटल एकटी असली तर इन्व्हर्टर तिला पेलतो. जोडीला दुसरं काही लावलं, की हात टेकतो."

"आणि माझा केस वाळवायचा ड्रायर?" मी विचारलं.

"वहिनी, बाहेर ऊन असतं."

ड्रायर घरीच राहिला.

मग त्यांनी खिशातून एक लाकडी कडं काढलं. धाकटीच्या जुन्या पर्सची मूठ होती ती. इन्व्हर्टरशेजारच्या खुंटीवर ते टांगून म्हणाले, "हे ज्याच्या मनगटात, त्यानेच पिन लावायची. कडं नाही, तर वीज नाही."

"अहो, बायकोला पण?"

"मास्तरला पण."

पहिला मुक्काम अशा गाड्यांसाठीच्या कॅम्पिंगच्या मैदानावर होता. तिथे खांबावरून वीज मिळाली. भाऊजींनी केबलचं अख्खं रीळ उलगडून गवतावर पसरलं. गुंडाळलेल्या वायरमधून जास्त वीज ओढली, तर ती तापते म्हणे. शेजारच्या गाडीतला माणूस दोनदा तिच्यात अडखळला, दोन्ही वेळा भाऊजींनीच माफी मागितली, पण वायर काही गुंडाळली नाही. मशीन सुरळीत चाललं. धाकटीने बहिणीला फोन करून भाजी काय करणार ते विचारलं. मला चिन्हं बरी दिसली.

दुसऱ्या दुपारी आम्ही एका तळ्याकाठी थांबलो. तिथे खांब नाही, सारी भिस्त बॅटरीवर. धाकटीने कडं मनगटात घातलं, मास्क लावला, मशीन घुरघुरू लागलं. भाऊजी सकाळपासून व्हॅन घाट चढवून दमले होते. स्टेशनात गाडी निघून गेली की त्यांना चहा लागायचा. इथे व्हॅन थांबली, तेवढंच निमित्त पुरलं. तंद्रीतच त्यांनी केटल भरली, पिन लावली आणि बटण दाबलं.

इन्व्हर्टर पी पी करत ओरडला आणि गप्प झाला. मशीनही गप्प.

भाऊजी केटलवर हात ठेवून तसेच उभे राहिले. धाकटीने मास्क खाली केला आणि मनगट वर धरलं.

"मास्तर, कडं कुणाकडे आहे?"

"तुझ्याकडे. चूक माझी आहे. ठरल्याप्रमाणे गाडी वळवतो."

ते खरोखरच किल्ली शोधू लागले.

"आधी ती केटल काढा," धाकटी म्हणाली. त्यांनी काढली. तिने स्वतः वाकून इन्व्हर्टरचं बटण बंद केलं, थोडी थांबली, पुन्हा चालू केलं. हिरवा दिवा लागला. मशीन जणू काही झालंच नाही अशा थाटात घुरघुरू लागलं. तिने मास्क चढवला आणि उरलेलं औषध डोळे मिटून, सावकाश संपवलं. आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे बाकावर बसून होतो.

"बंद पडलं," मास्क काढत ती म्हणाली. "इतकी वर्षं ह्याचीच धास्ती घेऊन बसले होते मी."

"मग वळवू?"

"कुठे वळवता? ताईने भाजी निवडून ठेवली असेल. बंद पडलं तर चालू करता येतं मला. पण आजपासून कडं माझ्याकडेच राहील."

"आणि चहा?"

"मागायचा."

त्यांनी मागितला. तिने जरा विचार केल्यासारखं करून परवानगी दिली.

बहिणीच्या घरी दोघी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आम्ही सामान घेऊन मागे ताटकळत. संध्याकाळी धाकटी खोलीत औषध घ्यायला बसली, कडं अजून मनगटातच. भाऊजी स्वयंपाकघरात केटल भरून उभे होते.

"लावा हो," बहीण म्हणाली. "घरातली वीज आहे, कितीही लावा."

"लाइनवर पुढे गाडी आहे," भाऊजी म्हणाले, आणि आतली घुरघुर थांबेपर्यंत केटल हातात धरून उभे राहिले.