खाजगी खिडकीतला मेल

संशय माझ्या रक्तातच आहे. काळाचौकीच्या चाळीत वाढलेल्या माणसाला तो जडतोच. शेजारच्या खोलीत कोणी सुकट भाजली तरी आम्हाला कळतं, मग आमचं काय काय तिकडे कळत असेल? त्यामुळे फोनच्या ब्राउझरमधली ती काळी खाजगी खिडकी मला सापडली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कडी लावून बसल्यासारखं वाटलं. इथे काय शोधलं ते कोणालाही कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या खिडकीत मी वृद्धाश्रम शोधत होतो. बाबांसाठी. दोनदा ते गॅस चालू ठेवून खाली मंडळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले होते, आणि आम्ही नवरा-बायको दिवसभर ऑफिसात. बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण मला स्वतःचीच लाज वाटत होती. कर्जतचा एक आश्रम बरा वाटला. माहितीपत्रक मागवलं, त्याच खिडकीत मेल उघडून वाचलं आणि खिडकी बंद केली. विषय माझ्यापुरता संपला.

आठवड्याभरात बाबा विचित्र वागायला लागले. एकदा जेवताना म्हणाले, "कर्जताक थंडी खूप पडता काय रे?" मग गणपतीतल्या आरतीच्या पाळ्या लावायचं काम, ज्याला त्यांनी जन्मात कोणाला हात लावू दिला नव्हता, ते दुसऱ्याच्या गळ्यात घालून आले.

मी बायकोवर घसरलो. "माझा फोन चोरून बघतेस तू. बाबांना तूच सांगितलंस."

"काय सांगितलं?"

मग सगळं ओकावं लागलं. तिने कोरड्या आवाजात विचारलं, "त्या खिडकीत मेल उघडलास?"

"हो. खाजगी आहे ना ती."

"काय बघितलं त्याची नोंद तुझा फोन ठेवत नाही, एवढंच खाजगी. आलेला मेल कुठे जाणार? आणि बाबांचा फोन कोणाच्या मेलवर चालू केलायस?"

माझ्याच. त्यांना पासवर्ड लक्षात राहायचा नाही म्हणून नवा फोन आणला त्या दिवशी मीच माझा मेल घालून दिला होता. आमच्या चाळीत निम्म्या म्हाताऱ्यांचे फोन असेच मुलांच्या मेलवर चालतात.

बाबा खाली होते, फोन चार्जिंगला. मी उघडला. माहितीपत्रक वाचलेलं होतं. त्याखाली माझ्याच पत्त्यावरून गेलेलं एक उत्तर, फोनला बोलून लिहून घेतलेलं, कुठे पूर्णविरामही नाही: 'नमस्कार मी रविवारी स्वतः बघायला येतो मुलाला कळवू नका त्याला वाईट वाटेल'.

आपल्या फोनमधलं आपल्यापाशीच राहतं, असं त्यांनाही वाटलं असणार. मला हुंदका आला आणि तो मी आवरला नाही.

बाबा वर आले तेव्हा मी तोंड धुऊन बसलो होतो. चप्पल काढता काढता ते म्हणाले, "रविवारी जरा जाऊन येतंय. जुनो मित्र आजारी आसा."

"कुठे?"

"हंयच, शिवडीक."

"मीपण येतो, बाबा."

"तू कशाक?" ते म्हणाले. "शिवडी काय लांब आसा?"