पंधरा नोव्हेंबरचा बोल्ट

नॉर्बर्ट कुलिक जुन्या गाड्या बघायला जायचा आणि एकही घ्यायचा नाही. आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या मंडळींत ही त्याची ख्याती होती. आम्ही बनवलेली ती मोठी, चार दरवाज्यांची ऐसपैस गाडी कुणाच्या दारात 'विकणे आहे'ची पाटी लावून उभी दिसली, की हा तिथे हजर. मालकाशी गोड बोलायचा, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचा आणि चौकटीवरचं स्टिकर वाचायचा. गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली ते त्यावर छापलेलं असतं. बहुतेक वेळा तेवढं वाचून परत यायचा. क्वचित एखाद्या गाडीत मात्र पुढच्या सीटच्या बाजूला डोकं घालून बराच वेळ खाटखुट करायचा, मग "विचार करून कळवतो" म्हणून जो निघायचा तो पुन्हा तिकडे फिरकायचा नाही.

मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. "काय रे, नापास केलीस का हीसुद्धा?"

"पास झाली," तो म्हणायचा आणि कॉफीत साखर ढवळत बसायचा.

पास झालेली गाडी माणूस का घेत नाही, हे विचारायची अक्कल मला कधी झाली नाही. मुळात नॉर्बर्टला घाबरट समजायची आम्हाला सवयच लागली होती. लग्न केलं नाही. बहिणीबरोबर राहायचा, पण तिला स्वतःच्या गाडीत शेजारी बसवायचा नाही. मागे बस म्हणायचा. हॉटेलात पेपर आला की आधी अपघातांची बातमी काढायचा आणि गाडी कोणत्या साली बनलेली होती त्यावर बोट ठेवून ती वाचायचा. कारखान्यात एकतीस वर्षं त्यानं मागच्या दारांना राखदाण्या बसवल्या. चांगलं काम आहे, म्हणायचा, चूक झाली तर फार तर कुणाची राख सांडेल.

खरं सांगायचं तर त्याला एका बोल्टची भीती होती. सत्तावीस वर्षं तो ती एकटा घेऊन जगत होता, आणि मला ती कळली काल, व्हर्ना हॅस्केलबाईंच्या गॅरेजमध्ये, दुपारी तीन वाजता.

मला गाडी हवी होती. माझ्या बायकोचं, रोझलीचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि माझ्या पिकअप ट्रकमध्ये चढायचं म्हणजे तिला शिडीच लागायची. हॅस्केलबाई चौऱ्याऐंशीच्या. नवरा लॉइड वारला आणि त्याची गाडी तशीच पडून राहिली. गडद निळी, निळ्या मखमलीच्या सीटा, अंगावर एक ओरखडा नाही. लॉइडनं तिला बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या, पत्रा गंजवणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यात फारशी काढलीच नव्हती. मी नॉर्बर्टला सोबत नेलं, म्हटलं, इतक्या गाड्या बघितल्यास, एक माझ्यासाठी बघ.

त्यानं दार उघडून स्टिकर वाचलं. अकरा, अठ्ठ्याऐंशी. तो वाकलेला तसाच थांबला.

"काय झालं?" मी म्हटलं. "जुनी आहे हे माहीतच होतं की."

"शेजारच्या सीटवर कोण बसायचं, बाई?" त्यानं विचारलं.

"मी, दुसरं कोण? लॉइड मला चालवायला द्यायचा होय! सत्तावीस वर्षं बसले. एकदा अल्पीना गावच्या रस्त्यावर बर्फावरून अशी काही फिरली गाडी, दोनदा गिरकी घेतली बघा. पुढे खांब होता पुलाचा. हातभर अंतरावर थांबली. लॉइड म्हणाला, तू पट्टा लावलायस ना, मग तुला काय होतंय."

 नॉर्बर्ट फेरी मारून दुसऱ्या बाजूला गेला, खाली गुडघ्यांवर बसला आणि खिशातून एक चपटी लाकडी पट्टी काढली. दोन दारांमधल्या खांबाच्या तळाशी एक प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्याच्या आत सीटबेल्टचं खालचं टोक बोल्टनं जमिनीला आवळलेलं असतं. त्यानं ते झाकण इतक्या सफाईनं काढलं की हे त्याला नवं नाही हे मला तेव्हाच कळलं. मग त्यानं आत बोट घातलं.

"ड्वेन," तो म्हणाला, "हात लाव."

मी हात लावला. बोल्ट माझ्या दोन बोटांत फिरला. दोन-तीन आट्यांवर कसाबसा धरलेला होता. पट्टा जोरात ओढला असता तर अख्खं टोक उपसून हातात आलं असतं. ती म्हातारी बर्फावर गिरक्या घेताना ह्याच्या भरवशावर बसली होती. मला संताप आला की मी बडबडतो.

"कोणत्या गाढवाचं काम हे?"

"माझं."

"तुझं कसं? तू राखदाणीवाला. हा बोल्ट तर माझा..."

आणि मला तो शिकारीचा दिवस आठवला.

पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी कारखान्यात अर्धी माणसं आजारी पडतात, आणि उरलेल्या अर्ध्यांना ज्याची जागा रिकामी तिथे उभं करतात. मिशिगनमध्ये शहाणा माणूस त्या दिवशी बनलेली गाडी घेत नाही, असं आम्हीच हसत हसत सांगायचो. सीटबेल्टचे हे बोल्ट लावायची जागा माझी. अठ्ठ्याऐंशी साली त्या दिवशी मी फोन करून ताप आल्याचं कळवलं होतं आणि पहाटे जंगलात जाऊन बसलो होतो. माझ्या जागी कोण उभं राहिलं हे मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

नॉर्बर्ट गॅरेजच्या फरशीवर बसूनच बोलला. सकाळी यंत्राला जोर देणाऱ्या नळीतली हवा कमी झाली. बोल्ट आवळायची गन फिरायची, पण जोर लागायचा नाही. बोल्ट आवळला गेला की ती खटकन थांबते. ते 'खट' येईना. त्यानं फोरमनला हाक मारली. फोरमन एकटा तीन जागा सांभाळत होता, म्हणाला, चालू दे, बघतो. डोक्यावर दोरी होती. ओढली की गाड्या पुढे सरकवणारी अख्खी लाइन थांबते. पण लाइन थांबवणाऱ्याचं काय होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पाऊण तास गाड्या येत राहिल्या आणि हा बोल्ट लावत राहिला. मग गन बदलून मिळाली.

"किती गाड्या?"

"तीसेक असतील. कमी-जास्त. कोणता लागला आणि कोणता नाही, तेही ठाऊक नाही."

"मग सांगितलं का नाहीस, लेका?"

"आधी नोकरीची भीती वाटली. मग तुरुंगाची. मग इतका उशीर झाला की उशीर झाल्याचीच भीती वाटायला लागली." त्यानं हात पुसले. "त्या महिन्यातल्या एकोणीस गाड्या सापडल्या मला आजवर. एकोणीसच्या एकोणीस घट्ट निघाल्या. दर वेळी वाटायचं, गन चालतच असेल, मीच उगाच जिवाला घोर लावून घेतलाय. आता तसं वाटायची सोय राहिली नाही."

हॅस्केलबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नॉर्बर्ट उठला, टोपी काढली आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. ह्या माणसाला मी फोरमनसमोर कधी मान वर करून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमच्या जिवाशी मी खेळलो," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं."

 बाईंचा हात आपसूक छातीवरून कमरेपर्यंत गेला, पट्टा जिथून जातो तिथून. मग म्हणाल्या, "लॉइडला बरं वाटायचं हो, मी पट्टा लावला की." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. खटल्याची धमकी दिली असती तर मला एवढं लागलं नसतं.

नॉर्बर्टनं डिकीतला पाना माझ्यापुढे केला. मी बोल्ट आवळला. त्यानं तो पुन्हा एकदा तपासला. मग आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. माझी पिकअप तिथे उभी होती, पण दोघांनाही बसवेना.

"माझी जागा होती ती," मी म्हटलं. "तू मला तरी सांगायचंस. दर आठवड्याला भेटतोस. मी तुला घाबरट म्हणायचो, चार लोकांत हसायचो, तरी तू गप्प."

"तुला काय सांगायचं?" नॉर्बर्ट म्हणाला. "जागा तुझी होती म्हणूनच नाही सांगितलं. तुझीही झोप गेली असती. एकाची गेली तेवढी पुरे, असं वाटलं."

मग रस्त्याकडे बघत त्यानं विचारलं, "मिळालं होतं का रे तुला हरीण, त्या दिवशी?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखर विचारत होता.  हरीण मिळालं होतं. त्याची शिंगं सत्तावीस वर्षं आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहेत, आणि दर गुरुवारी पत्ते खेळायला आला की नॉर्बर्ट त्यांच्याच खाली बसतो. आज बुधवार आहे. उद्या तो आल्यावर त्याला कुठे बसवायचं, ह्याची मला सकाळपासून धास्ती लागली आहे.