मोटेशेजारी टांगलेले जाकीट

मी मालेगाव सोडले त्या दिवशी माझे वडील मला पोहोचवण्यास आले नाहीत. वेशीबाहेरच्या आमच्या मळ्यात त्या सकाळी वांग्यांना पाण्याची पाळी होती, आणि चालू मोट सोडून कोणास निरोप देण्याची आमच्या घरी रीत नव्हती. माझे थोरले बंधू सोपानदादा बैलगाडी जुंपून उभे होते. त्यांनी मला वाशीमच्या स्टेशनावर सोडायचे, तेथून अकोला आणि अकोल्याहून नागपूर, असा माझा मार्ग ठरला होता. मायने भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. वडील विहिरीवर बैलांमागे होते. मोट वर आली, तिचे पाणी धडाडून थारोळ्यात पडले, आणि त्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले, "नारू, छातीले हवा लागू देजो नको. खोकला आला त वापस येजो."

आशीर्वाद म्हणून मला मिळाले ते एवढेच. गाडी वळणावर गेली तरी मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकू येत होती. ती थांबली नाही, याचे मला त्या वेळी वाईट वाटले होते. आज वाटत नाही.

मालेगावात राहिलेल्या माझ्या माणसांनी आणि माझ्यासारखे गाव सोडून अकोला, नागपूर, मुंबई गाठलेल्यांनी हा मजकूर वाचावा, या हेतूने तो लिहीत आहे. दुसऱ्यांचे म्हणणे लिहिण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. स्वतःचे म्हणणे मांडण्याचा प्रसंग प्रथमच आला असल्याने कोठे भाषा कचेरीच्या वळणावर गेल्यास वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत रीतसर झाले. पुढील परीक्षेसही मी बसलो होतो. तिच्या निकालाविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. अक्षर मात्र देवाने असे दिले की नागपूरच्या कचेरीतील एका वृद्ध अर्जनवीसांनी एक ओळ पाहूनच मला आपल्याजवळ बसवून घेतले. ते निवर्तल्यावर व्हरांड्यातील त्यांची जागा माझ्याकडे आली. तेथे सतरंजी, तिच्यावर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, दौत, टाक आणि स्टॅम्पचे कागद, असा माझा संसार आहे. गावी आमची ओळख वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, यांवर होती. येथे शेतसारा, वारसनोंद, परवाना यांसाठी लोक मला विचारत येतात आणि मुन्शीजी म्हणतात. माझ्या अर्जाला साहेबांपुढे वजन असते असे ते म्हणतात. मी त्यांना अडवीत नाही.

परंतु सदरहू व्हरांडा उत्तरेला उघडा आहे. हिवाळ्यात तेथे जो वारा येतो तो थेट छातीत उतरतो. माझी छाती लहानपणापासून नाजूक. मायच्या हातचा ओव्याचा शेक तिला नेहमी लागत असे. नागपुरात वर्षागणिक खोकला वाढत गेला, आणि युद्ध संपले त्या हिवाळ्यात तर अशी वेळ आली की अर्जदार आपली हकिगत सांगत असे आणि मी खोकत असे. वैद्यबुवांनी औषध दिले, पण बजावून सांगितले की, छाती वाऱ्यापासून वाचवता येत नसेल तर व्हरांडा सोडा. व्हरांडा सोडणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसावे. तेथली जागा चार दिवस रिकामी दिसली की पाचव्या दिवशी दुसऱ्याची पेटी येऊन बसते. आणि मळ्यात परत जावे, तर तो मळा सोपानदादांच्या लेकरांनाच जेमतेम पुरत होता.

माझी पत्नी गोदावरी हिने मला न विचारता मालेगावच्या एका ओळखीच्या माणसाकडे निरोप धाडला. त्यानंतर लवकरच एके सकाळी माझे वडील दारात उभे. आयुष्यात प्रथमच ते नागपुरास आले होते. खांद्यावर घोंगडी होती आणि हातात सांभाराची जुडी, प्रवासात पार सुकलेली. त्यांनी ती सुनेच्या हाती दिली, माझे खोकणे दोन वेळा ऐकले आणि बसण्याच्या आधीच म्हणाले, "चाल घरी."

मी त्यांना माझ्या कामाचे महत्त्व समजावून सांगितले. कोणकोणत्या हुद्द्याचे लोक मला नावाने ओळखतात तेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"हे सारं बराबर हाय," ते म्हणाले. "पन मेल्यावर कोन ओयखते तुले? मळ्यात बस, मिरच्या तोड, पन जित्ता राह्य."

गोदावरीने मध्ये पडून सुचवले की छाती झाकेल असे काही पक्के वस्त्र मिळते का ते आधी पाहावे. वडिलांनी ते मान्य केले, पण अट घातली. असे वस्त्र मिळाले तर मी राहावे, न मिळाल्यास त्याच आठवड्यात बिऱ्हाड गुंडाळून त्यांच्यासोबत निघावे. मीही ती कबूल केली. वडिलांसमोर माझ्यातला अर्जनवीस कधीच चालत नाही.

त्या दिवसांत बाजारात लष्करातून उतरलेला माल आला होता. लोक त्याला डिस्पोजलचा माल म्हणत. बूट, कांबळी, पाण्याच्या बाटल्या आणि चामड्याची जाकिटे. गफूरमियाँ यांचे दुकान माझ्या माहितीतले होते. मूळचे ते आमच्याच बाजूचे, रिसोडच्या खोगीर शिवणाऱ्या घराण्यातले. बाजाराच्या व्यवस्थापकाने त्यांना जागा सोडून पार टोकाला जाण्यास सांगितले होते, आणि त्याविरुद्ध अर्ज लिहून द्या म्हणून ते बरेच दिवस माझ्या मागे होते. खोकल्यामुळे ते काम राहून गेले होते. त्या दिवशी वडिलांना घेऊन तिकडे निघताना मी पेटी सोबतच घेतली.

मी निवडलेले पहिले जाकीट तपकिरी होते, लोकरीच्या गळपट्टीचे, लांब बाह्यांचे. गफूरमियाँनी आरसा धरला. आरशात जो गृहस्थ दिसला त्याला कोणत्याही कचेरीत खुर्ची मिळाली असती. खांद्यावर ते असे बसले होते की जणू माझ्याच मापाने बेतले असावे.

"वा, मुन्शीजी," गफूरमियाँ म्हणाले, "आता अर्ज लिहू नका, मंजूर करत जा."

वडील मात्र आरशाकडे पाहतच नव्हते. त्यांनी जाकिटाचा घेर दोन बोटांत धरून चुरगाळला, वास घेतला आणि गफूरमियाँकडे तांब्याभर पाणी मागितले. त्यांना तहान लागली असेल या समजुतीने गफूरमियाँनी ते दिले. वडिलांनी माझ्या अंगावरून जाकीट काढले, पाठीकडच्या चामड्याचा तळहातावर खोलगा केला आणि त्यात ते पाणी ओतले.

"अरे बावा, हे काय करून राह्यले?" गफूरमियाँ ओरडले.

"पाह्यतो, गयते का."

"मोट नाई हे. याच्यात मानूस भरतेत, पानी नाई."

"जिथून पानी जात नाई तिथून वारा काहून जाईन?" वडील शांतपणे म्हणाले. दर उन्हाळ्यात नव्या मोटेचे चामडे ते असेच पारखत, हे मला ठाऊक होते. बाजारातले लोक थांबून पाहू लागले होते. माझा जीव अर्धा झाला.

शिवणीतून पाणी टिपकले. वडिलांनी ते जाकीट बाजूला ठेवले आणि ढिगाच्या तळातून एक काळा, जाड कोट ओढून काढला. बहुधा मोटारसायकलवाल्या शिपायाचा असावा. त्यात पाणी तळ्यासारखे उभे राहिले. "हा घे," ते म्हणाले. मी तो घातला. कोट उभा होता आणि मी त्याच्या आत होतो. कोपर वाकेना. गफूरमियाँनी गंमत म्हणून टाक पुढे केला, तो घेण्यासाठी हात पोचेना. तरीही वडिलांचा आग्रह होता, कारण त्यांच्या पारखीत तो उतरला होता. माझा आग्रह पहिल्यावर होता, कारण त्यात मी शोभत होतो. शेवटी पहिले पुन्हा अंगात घालून मी दुकानातल्या बैठकीवर मांडी घालून बसलो. बसताक्षणी त्याचा पुढला भाग हनुवटीशी आला, गळा आवळला, आणि असा खोकला उसळला की डोळ्यांत पाणी उभे राहिले.

वडिलांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली. मला त्याचा अर्थ समजला, आणि नागपूर माझ्या हातून सुटत असल्याचे त्या क्षणी मला प्रथमच खरे वाटले.

"जाता जाता माझा अर्ज तरी लिहून द्या, मुन्शीजी," गफूरमियाँ हळूच म्हणाले. त्यांनाही अर्थ समजला असावा. बैठकीवर पसरलेले एक जुने जाकीट त्यांनी झटकले. बिनबाह्यांचे, आत लोकरी अस्तर, समोर चार मोठ्या गुंड्या. ते स्वतः त्यावर बसत. "तोवर हे घाला, हवा लय सुटली."

मी ते घातले, पेटी पुढ्यात ओढली आणि कागद सरळ केला.

त्यांनी सांगितले, मी लिहिले. अर्ज लिहिताना मला आजूबाजूचे भान राहत नाही, हा माझा गुणच आहे. पूर्ण झाल्यावर नेमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. अर्जदार परमुलखातून पोटासाठी येथे आला. येथील वाटसरू त्यास ओळखतात. त्याचे जे काही आहे ते या जागेवर आहे. सबब त्यास येथून उठवू नये, ही नम्र विनंती. गफूरमियाँ मान खाली घालून ऐकत होते. "माझ्या मनातलं होतं हे," ते म्हणाले, "पण मला असं बोलता आलं नसतं." त्यांनी अंगठा उमटवला.

मी वर पाहिले तेव्हा वडील माझ्याकडेच पाहत होते. मी काय काम करतो हे त्यांनी तोपर्यंत कधी पाहिले नव्हते. ऐकले होते, तेही माझ्याच तोंडून.

"नारू," ते म्हणाले, "त्या मानसासाठी लिवलं का तुयासाठी?"

मी टाक पुसून पेटीत ठेवला. ते जवळ आले. माझ्या पाठीवर, छातीवर चामडे दाबून पाहिले, काखेत हात घालून जागा किती आहे ते पाहिले. "एवढं लिवलं, वाचलं. एकडाव खोकला नाई, एकडाव गुंडी ओढली नाई. अंगावर हाय हे तुले आठोलं तरी का?"

नव्हते आठवले. या वेळी त्यांनी पाणी मागितले नाही.

"हेच द्या," ते गफूरमियाँना म्हणाले. किमतीचा मजकूर येथे नको. दोघांनी रिसोडच्या आणि मालेगावच्या बाजाराच्या गोष्टी काढून तो आपसांत मिटवला. मग वडील माझ्याकडे वळले. "राह्य इथंच. तुयं वावर इथंच हाय."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ते गेले. या वेळी मी स्टेशनावर गेलो होतो, जाकीट घालून. गफूरमियाँ आजही त्याच जागेवर आहेत. ते माझ्या अर्जाने झाले असे ते सर्वांना सांगतात, आणि वस्तुस्थिती तशीच असावी असे मलाही वाटते.

त्यानंतरचे हिवाळे मी व्हरांड्यात काढले. खोकला पार गेला असे म्हणता येणार नाही, पण अर्जदाराची हकिगत आता पुरती ऐकू येते. दर दसऱ्याच्या सुमारास मालेगावहून कोणी ना कोणी एरंडीच्या तेलाची बाटली घेऊन येते. मोटेला लावण्यासाठी घाण्यावरून आणलेल्या तेलातून वडील ती वेगळी काढतात, आणि सोबत निरोप असतो: "चामडं सुकू देजो नको." मी ते तेल लावतो. सकाळचे ऊन व्हरांड्यात आले की जाकीट तापते आणि स्टॅम्पच्या कागदांवर, शाईवर, पक्षकारांच्या गर्दीवर आमच्या विहिरीचा वास पसरतो. शेजारचा टायपिस्ट नाक मुरडतो. मी त्याला काही सांगत नाही.

गेल्या दिवाळीस गावी गेलो. मायने ओवाळण्याआधी जाकिटाकडे बोट दाखवले. आमच्या घरात चामडे आत येत नाही, देव्हारा आहे. "ते भाएर ठेव, मंग ये," ती म्हणाली. मी जाकीट काढून दारात उभा राहिलो, कोठे ठेवावे ते कळेना. वडिलांनी ते माझ्या हातून घेतले आणि मळ्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो.

विहिरीजवळच्या कोठ्यात मोट टांगण्याची जाड खुंटी आहे. ती माझ्या जन्मापूर्वीची. तिच्या शेजारी भिंतीत बाभळीची एक नवी खुंटी ठोकलेली दिसली. वडिलांनी जाकीट तिच्यावर टांगले, मोटेला लावावे तसे त्याच्या खांद्यांवरून एकदा हात फिरवला आणि बाहेर आले.

"अशीच ठोकली," ते म्हणाले. "तू नसते तवा रिकामी राह्यते."

नागपुरात माझी जागा आहे, आणि ती मी आपल्या कलमाने राखली आहे. वडील, सोपानदादा, गोदावरी, गफूरमियाँ, या सर्वांचा तीत हात आहे, हे येथे लिहून देतो. पण घर कोणते, असे कोणी मला विचारले, तर त्या खुंटीकडे बोट दाखवावे लागेल. सोपानदादा सांगतात की पावसाळ्यात कोठा जू, दोर, कासऱ्यांनी गच्च भरतो, कशाला जागा उरत नाही. तेव्हाही तिच्यावर कोणी काही टांगत नाही.