लोकरीच्या वाती

सत्यशीलाकाकू वेल्सहून परत आल्या तेव्हा त्यांच्या सामानात दोन पिशव्या भरून लोकरीच्या वाती होत्या. शंभर-शंभरच्या जुड्या, प्रत्येक जुडीला दोरा. "कपडे कमी अन् वातीच जास्त," असं त्यांना घ्यायला गेलेल्या दिरांनी, हरिओमकाकांनी, अख्ख्या गल्लीला सांगितलं.

गंगाखेडात आमचं घर त्यांच्या समोर. काकूंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. मला पहिलीला त्याच होत्या. त्यांचे यजमान दिनकरराव पंचायत समितीत कारकून होते. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ते अंथरुणाला खिळले आणि काकूंनी नवस बोलला: हे बरे होऊ देत, माहेरी चारठाण्याला महादेवापुढे त्रिपुरी पौर्णिमेला लाख वाती लावीन. त्याच दिवशी वळायला बसल्या. परभणीच्या दवाखान्यात बाकावर बसून, बोटाला राख लावून, मांडीवर कापूस घेऊन वळायच्या. नर्स म्हणायची, "मावशी, जरा पडा की." काकू मान हलवायच्या आणि वळत राहायच्या.

पौषात दिनकरराव गेले. तोवर बासष्ट हजार झाल्या होत्या.

भेटायला येणाऱ्यांसाठी काकूच चहा टाकत. रडणाऱ्यांना पाणी देत. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कापूस घेऊन बसल्या, तेव्हा नणंद कस्तुराबाई म्हणाल्या, "वैनी, आता कुणासाठी वळायलीस गं?"

"राहिल्यात," काकू म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली होती. ते गेले, हे काकूंच्या तोंडून कधीच आलं नाही. नातेवाइकांना फोन हरिओमकाकांनी केले, दाखल्यासाठी अर्ज त्यांनीच भरला. कुणी विचारलंच तर काकू म्हणायच्या, "ह्यांचं असं झालं." वाक्य तिथेच संपायचं. ऐकणारा पुढचं स्वतःच समजून घ्यायचा.

मार्चमध्ये मुलीने, मैथिलीने, त्यांना सहा महिन्यांसाठी वेल्सला नेलं. मैथिली तिथल्या एका लहान गावात, इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. निघण्याआधी तिने फोनवर बजावलं होतं, "आई, सरकीचा कापूस बॅगेत भरू नको. काढून टाकतील." काकूंनी भरला नाही. तिथे पोचल्यावर मागितलाही नाही. मैथिली सकाळी सातला जायची. काकू भांडी घासायच्या, खिडकीशी बसायच्या. समोर हिरवा डोंगर, त्याच्यावर मेंढरं. बोटं रिकामी होती.

शेवटी मैथिलीनेच त्यांना बुधवारच्या गटात नेऊन सोडलं. चर्चच्या दालनात सात-आठ बाया लोकर कातायला, विणायला बसत. ग्वेन नावाच्या मेंढपाळ बाईने काकूंच्या हातात एक टकळी दिली, कशी धरायची ते दाखवायला पुढे झाली, आणि थांबली. काकूंची टकळी फिरायला लागलीसुद्धा होती. चारठाण्याच्या शाळेत पाचवीला सूतकताईचा तास असायचा. पन्नास वर्षांनी बोटांना तो आठवला.

"ही तर आपल्याला शिकवायला आली!" मार्गरेट म्हणाली. मार्गरेट पोस्टातून निवृत्त झालेली, गटातली सगळ्यात तोंडाळ. तिला 'सत्यशीला' म्हणता येईना, म्हणून त्या दिवसापासून काकू 'सत्या' झाल्या.

चहाच्या वेळी ग्वेनने विचारलं, "आणि तुझे यजमान?"

काकूंना शाळेपुरतं इंग्रजी येत होतं. 'असं झालं' हे त्या इंग्रजीत कसं म्हणणार? म्हणजे म्हणता आलं असतं. काकू म्हणाल्या, "घरी आहेत. गंगाखेडला."

"मग त्यांच्या जेवणाचं काय?"

"डबा लावलाय."

"सुखी माणूस!" मार्गरेट म्हणाली. "बायको पाच हजार मैलांवर, आणि जेवण दारात!" सगळ्या हसल्या. काकूही हसल्या.

रविवारी हा गट डोंगरावर फिरायला जायचा. ग्वेनचा नवरा गाडीतून पायथ्याशी सोडायचा, मग कुंपणांवरच्या लाकडी पायऱ्या चढत-उतरत चालायचं. वर दगडावर बसून थर्मासमधला चहा. काकू धपाटे न्यायच्या. मार्गरेटने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती खोकली, आणि दुसरं मागून घेतलं. जूनमध्ये त्या एका तळ्यावर गेल्या, जुलैमध्ये समुद्रावर. काकूंनी रानफुलं वहीत दाबली, वेताची एक परडी विणली, ग्वेनचं कोकरू मांडीवर घेऊन त्याला बाटलीने दूध पाजलं. संध्याकाळी मैथिली विचारायची, "आई, मजा आली का?"

"आली."

ते खोटं नव्हतं. मला सांगताना काकू म्हणाल्या, "दात काढताना डॉक्टर भूल देतात बघ. हात चाललेला कळतो, दुखत न्हाई. तशी मजा यायची."

पहिल्याच रविवारी काकूंनी तारेच्या कुंपणाला अडकलेली लोकर पाहिली. मेंढरं अंग घासून गेलेली. वाऱ्यावर पुंजके हलत होते. वेचणी संपलेल्या पऱ्हाटीला राहिलेल्या कवडी कापसासारखे. काकूंनी एक ओढून घेतला, चालता चालता बोटांत फिरवला. वात झाली.

त्यांच्या मनात एकच प्रश्न आला: चालेल का? आणि उत्तरही तयार होतं. लोकर तर कापसापेक्षा सोवळी. आजोबा पूजेला धाबळी नेसून बसायचे, खाली आसनही लोकरीचंच. कापूस ओवळा होतो, धाबळी होत नाही. महादेवाला अधिकच चालेल.

त्या दिवसापासून पुन्हा वळणं सुरू झालं. ग्वेनने धुतलेल्या लोकरीचं गाठोडं आणून दिलं आणि विचारलं, हे काय करतेस?

"देवाला वाहायचं. ह्यांच्या तब्येतीसाठी. एक लाख."

"एक लाख!" मार्गरेट म्हणाली. "काय झालंय त्यांना?"

"पोटाचं दुखणं."

पुढच्या बुधवारी काकू दालनात गेल्या तर टेबलावर विणकाम नव्हतं. सगळ्या जणी लोकरीचा पुंजका घेऊन बसल्या होत्या. "दाखव," ग्वेन म्हणाली. मग काकू निघेपर्यंत त्या सगळ्या वळत राहिल्या, गंगाखेडच्या दिनकररावांना बरं वाटावं म्हणून. मार्गरेटच्या वाती जाड व्हायच्या. "माझ्या वातींनी त्यांना अपचन होईल," ती म्हणायची.

या वाती पेटवायच्या असतात, हे काकूंनी कुणाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. वात पेटवायची असते हे वेगळं सांगावं लागतं, असं त्यांना वाटलंच नाही.

निघताना ग्वेनने दिनकररावांसाठी एक करडी कानटोपी विणून दिली. "घातलेला फोटो पाठव," ती म्हणाली. काकूंनी टोपी घडी करून वातींच्या पिशवीत ठेवली.

आईने गटात काय सांगितलंय, हे मैथिलीला माहीत नव्हतं. ती आईला दारात सोडायची, गाडीतूनच हात करायची. आणि मग कार्तिकात तिचा फोन आला: "आई, पौर्णिमा बुधवारीच आलीय. मी दुपारी सुट्टी काढून दालनात जाते. सगळ्यांनाच वाती वाहताना बघायचंय. व्हिडिओ कॉल लावू."

फोन ठेवल्यावर काकूंनी मला सगळं सांगितलं. ग्वेन विचारणार. मैथिली ऐकणार.

"नको म्हणा की," मी म्हणाले.

"त्यांच्या हातच्या वाती हायेत," काकू म्हणाल्या.

फोन धरायला मी सोबत गेले. परभणी, जिंतूर, मग चारठाणा. दिवे लागायच्या वेळेला पोचलो. गुरव दत्तराव काकूंना लहानपणापासून ओळखणारे. "या मास्तरीणबाई," म्हणाले, आणि मोठी पितळी परात दगडी ओट्यावर मांडून दिली. काकूंनी आधी लोकरीच्या वाती रचल्या, वर कापसाच्या, त्यावर पातळ केलेलं तूप. फोनमध्ये तिकडची दुपार दिसत होती. टेबलाभोवती चेहरे, मध्ये मैथिली.

काकूंनी काडी लावली.

कापूस भरारा पेटला. परातीतून हातभर ज्योत उठली, फोनमधून टाळ्यांचा आवाज आला. थोडा वेळ तसं चाललं. मग ज्योत खाली बसली, काळा धूर यायला लागला, आणि वास. लोकरीच्या वाती आखडत होत्या, काळ्या गोळ्या होऊन विझत होत्या.

दत्तरावांनी नाकाला उपरणं लावलं. "काय घातलंय ह्याच्यात? केस जळल्यावानी वास यायलाय."

काकूंनी पुन्हा काडी लावली. तुपाने पेट घेतला, पुन्हा विझला.

"सत्या!" फोनमधून ग्वेन ओरडली. "लोकर पेटत नाही! आम्ही आग विझवायला वापरतो ती! पेटवणार आहेस हे बोलली का नाहीस?" मार्गरेट हसत होती, मग तिचं हसू थांबलं. ग्वेनचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला. मैथिलीला कळेना ती काय विचारते आहे ते, पण मला कळलं.

"मग आता त्यांच्या तब्येतीचं? आमच्यामुळे काही वाईट तर नाही ना होणार?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या परातीकडे पाहत होत्या. धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता आणि त्या बाजूला होत नव्हत्या. स्मशानात बायका जात नाहीत आमच्याकडे. काकूही गेल्या नव्हत्या.

"मैथिली," त्या म्हणाल्या. "ग्वेनला सांग. पप्पा गेले."

मैथिलीने फोन स्वतःकडे वळवला.

"पौषात गेले. मी यायच्या आधीच. त्यांना सांग, तुमच्यामुळे काही झालं न्हाई."

मैथिली आईकडे पाहत राहिली. मग तिने मान वळवली आणि हळू आवाजात इंग्रजीत ते सांगितलं. तिच्या वडिलांबद्दलचं ते वाक्य तिलाही बहुतेक पहिल्यांदाच असं पूर्ण बोलावं लागलं. ग्वेनने मैथिलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मार्गरेटच्या समोर लोकरीचा एक पुंजका पडलेला होता; ती तो उचलून बोटांत फिरवत होती. मग फोनची बॅटरी संपली.

परात निवल्यावर दत्तराव खरवडायला बसले. "लाख न्हाई झाल्या मग," ते म्हणाले. "पुढच्या साली कापसाच्या आणता का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या.

त्यांनी पिशवीत हात घातला, करडी टोपी काढली आणि दत्तरावांपुढे धरली. कार्तिकातला गारठा होता. दत्तरावांनी काजळीचे हात धोतराला पुसले, टोपी कानांवर ओढून घेतली.

"लय ऊबदार हाय. कुणाची?"

"ह्यांच्यासाठी होती," काकू म्हणाल्या, आणि परातीतली राख गोळा करायला त्यांच्याजवळ खाली बसल्या.