मशीनने मला कंपाउंडर ठरवलं तेव्हा

लोणावळ्याच्या एका दवाखान्यात माझा कामाचा पहिला दिवस होता, आणि अकरा वाजायच्या आत मी स्वतःच पेशंटच्या बाकावर आडवा झालो होतो. एका बाईंच्या पायात घुसलेली काच डॉक्टर काढत होते, ट्रे माझ्या हातात होता... पुढचं मला आठवत नाही. ट्रे फरशीवर खणखणला, तेवढंच कानात राहिलंय.

साल चौऱ्याहत्तर असावं. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आणि मला कंपाउंडर व्हायला पाठवलं होतं कोणी, तर कॉम्प्युटरने!

हसू नका, खरंच. त्या वर्षी आमच्या भागातल्या शाळांत मुंबईहून व्यवसाय मार्गदर्शनाचे फॉर्म आले होते. ढीगभर प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. मग त्यांची भोकं पाडलेली कार्डं व्हायची, ती मुंबईच्या मशीनमध्ये जायची आणि पोराने पुढे काय करावं हे सांगणारी इंग्रजी पट्टी छापून यायची.

माझी पट्टी आली. सरांनी वरची ओळ वाचून दाखवली... कंपाउंडर. खालच्या बारीक इंग्रजीच्या वाटेला मी गेलो नाही. इंग्रजीत पस्तीस मार्क मिळवणारा माणूस कशाला जाईल?

मला खरं तर आयटीआयला जाऊन ड्राफ्ट्समन, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढणारा, व्हायचं होतं. वहीच्या मागच्या पानांवर पूल, विहिरी, स्टेशनाची छपरं काढत बसायचो. पण परंदवडीत आमच्या घरी शब्द आबांचा, म्हणजे वडिलांचा. आणि कुणाचंही न ऐकणाऱ्या आबांचा मशीनवर भलताच विश्वास बसला होता.

"मास्तरला भाचा आसतो, पुतन्या आसतो. मशीनला कोन हाय? ते खरंच सांगनार," असं म्हणून त्यांनी ओळखीतून लोणावळ्याचा दवाखाना गाठलासुद्धा. मला रक्त बघवत नाही हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आबांपुढे बोलायची पद्धतच नव्हती हो आमच्याकडे.

तर... डॉक्टरांनी मला पाणी पाजलं आणि विचारलं, "बाळ, तुला इकडे पाठवलं कुणी?" मी खिशातली पट्टी दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. असं करणारे ते पहिलेच.

त्यात लिहिलं होतं, मुलाला रक्ता-जखमांची भीती नाही, गुरांच्या दुखण्याखुपण्याची माहिती आहे, चित्रकलेची आवड नाही. चित्रकलेची आवड नाही?! एलिमेंटरीच्या परीक्षेत मला पहिली श्रेणी होती! डॉक्टर म्हणाले, "ही उत्तरं तुझी नाहीत. आधी शाळेत जा."

परंदवडीजवळच्या घोरावाडी स्टेशनात गाडीतून उतरलो तो थेट शाळेत. तो गुरुवार होता आणि आयटीआयचे फॉर्म शनिवारी बंद होणार होते. आसपासच्या सगळ्या शाळांचे फॉर्म आमच्या सरांकडूनच गेले होते. सरांनी यादी काढली, बोट फिरवत खाली आले आणि कपाळावर हात मारून घेतला.

यादीत माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा आणि वडिलांचंही नाव तेच असलेला शिरगावचा एक दत्तात्रय होता. इतपत आमच्याकडे चालतंच. पण जन्मतारीखसुद्धा तीच, एक जून! पट्टीवर गावाचं नाव नव्हतंच, नाव आणि तारीख बघून सरांनी पट्ट्या वाटल्या होत्या.

आता एक जूनचं तुम्हाला सांगायला नको. शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी बिनदिक्कत एक जून ठोकायचे. त्या हिशेबाने आमचा निम्मा मावळ तालुका एकाच दिवशी जन्मलाय.

संध्याकाळी हे सगळं मी आबांना सांगितलं. मशीन चुकत नाही म्हणतील आणि उद्या पुन्हा लोणावळ्याला धाडतील, याची मला खात्री होती. आबांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. मग म्हणाले, "मशीन न्हाई चुकलं. गुरुजीनं तारीख इचारली तवा मीच म्हनलो, लावा काय लावायची ती. तू तर दिवाळीच्या मागं, भात झोडपायच्या दिसांत झालास..."

आबांच्या तोंडून "मीच" असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळीच आम्ही शिरगावला गेलो. तो दुसरा दत्ता गोठ्यात गाईच्या खुरातली जखम धूत होता, तेही शीळ घालत! ड्राफ्ट्समनची पट्टी मिळाल्यापासून बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याची आई म्हणाली, "ह्याला सरळ रेघ येत न्हाई वो, ह्यो नकाशे कसले काडनार?" पट्ट्यांची अदलाबदल झाली, चहा झाला. लोणावळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता मी त्याला इतक्या आनंदाने लिहून दिला की बस्स!

परतीच्या वाटेवर मी पट्टी आबांपुढे धरली. म्हटलं, "आबा, यात ड्राफ्ट्समन लिहिलंय." आबांनी ती बघितलीही नाही. चालता चालता थांबले आणि म्हणाले, "कागूद ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतंय?"

सतरा वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. कसाबसा म्हणालो, "मला चित्रं काढायला आवडतं, आबा." ते म्हणाले, "मंग चल, फारम भरू."

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पुढे सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डापुढे झाली आणि सुखात झाली. आता आमच्या घरातली मुलं कॉम्प्युटरला विचारून कोर्स निवडतात. खुशाल विचारू देत. मी त्यांच्या आईबापांना एवढंच सांगतो, कॉम्प्युटर काय म्हणतो ते ऐका, आणि मग पोराजवळ बसून पोरालाही विचारा.