सुधीरचं शेवटचं चित्र

नीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी इथं आखातात, तुबली भागातल्या गॅरेजात गाडीचा एसी दुरुस्त करून घेत होतो. सुधीर सकाळी उठलाच नव्हता. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, माहूजच्या त्यांच्या फ्लॅटवर मी त्याच्यासमोर चित्रासाठी बसलो होतो. निघताना तो म्हणाला होता, "आज जमलं बघ..." काय जमलं ते मात्र दाखवलं नाही. महिना उलटला, तरी त्याचं तेव्हाचं हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

पेशानं इंजिनीअर, मूळचा पुण्याचा, आणि डोक्यात कायम शंभर वर्षांपूर्वीचा युरोप. सुट्टीला आम्ही पत्ते कुटायचो, हा जर्मन चित्रांची पुस्तकं उघडून बसायचा. पहिल्या महायुद्धाच्या आधी, सगळं आलबेल असताना, तिथले तरुण चित्रकार जळणारी शहरं रंगवत होते... कलंडलेले रस्ते, कोसळती घरं, काळंपिवळं आकाश. शहाणीसुरती माणसं म्हणत होती की एकदा युद्ध होऊन जाऊ दे, हवा स्वच्छ होईल. त्या चित्रकारांतलेही काही हौसेनं भरती झाले आणि परत आले नाहीत. "डोक्याला कळलं नव्हतं रे, हाताला कळलं होतं," सुधीर म्हणायचा. मग तुझ्या हाताला माझं प्रमोशन कधी ते विचार, अशी मी थट्टा करायचो. त्याला हसू यायचं नाही.

यंदा त्यानं माझं चित्र काढायला घेतलं. दर शुक्रवारी मी तोच निळा चौकड्यांचा शर्ट घालून बसायचो आणि दर शुक्रवारी शेवटी तो सुरीनं चेहरा खरवडून टाकायचा. आज खलास, पुढच्या शुक्रवारी बघू, एवढंच म्हणायचा. माझं थोबाडच कलेच्या लायकीचं नाही, अशी मी समजूत करून घेतली. मध्येच एकदा तो हृदय तपासून घे म्हणून हात धुऊन मागे लागला. गेलो, सगळं ठीक निघालं. तसं सांगितलं तरी त्याचं तोंड उतरलेलंच.

परवा वहिनी सामान आवरत होत्या म्हणून मदतीला गेलो. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. माझे डोळे त्याच्या हातून कधी उघडे उतरलेच नाहीत, असं वहिनींनी सांगितलं. दर वेळी मिटलेलेच यायचे आणि तो घाबरून खरवडायचा.

"शेवटच्या शुक्रवारी नाही खरवडलं त्यानं," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी शांत झोपला..."

मी चित्र वळवलं. शर्ट माझा होता. मांडीवरचे हात माझे, बोटातल्या अंगठीसकट. डोळे मिटलेलेच होते. चेहरा मात्र त्यानं स्वतःचा काढला होता.

वहिनींकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.