कॅरॅव्हॅनच्या चाकाखालचं लिंबू
नव्या रबराचा वास आला, की डार्विन शहरातली ती सकाळ आठवते. बायको गेल्यानंतरचा पहिलाच पावसाळा नुकताच संपला होता, आणि आमची कॅरॅव्हॅन, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, ती गेल्यापासून अंगणात एकाच जागी उभी होती. दर वर्षीसारखं ती घेऊन फिरायला निघायचं ठरवलं. टायर काही गोटा झाले नव्हते, खाचा शाबूत होत्या, म्हणून नुसती हवा भरायला गेलो, तर दुकानदाराने कडेच्या बारीक भेगांवरून अंगठा फिरवला. "उभ्या उभ्याच सुकलेत, मित्रा. हायवेवर फुटतील." मग जास्त वजन पेलणारे टायर दाखवत त्याने विचारलं, आत सामान किती असतं. मी सवयीने दोघांचं सांगितलं: खुर्च्या, गाद्या, तिचा मोठा कुकर, भरलेली पाण्याची टाकी. त्याने त्या वजनाचे टायर बसवले. घरी येऊन नव्या चाकांखाली लिंबं ठेवली, आपल्याकडे नव्या गाडीला ठेवतात तशी. एरवी मी गाडी हळूच पुढे घ्यायचो आणि ती बाजूला उभी राहून "हं, चिरडलं" म्हणायची. त्या दिवशीही गाडी पुढे घेतली, काच खाली करून थांबलो, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की उतरून आता मलाच बघायचंय. एक लिंबू चिरडलं होतं, दुसरं घरंगळून गवतात गेलं होतं. ते उचलून पुन्हा चाकाखाली ठेवलं. आज, काही वर्षांनी, परत टायर बदलून आणलेत. सामान या वेळी एकट्याचंच सांगितलं. लिंबं ठेवली, गाडी सुरू केली, आणि हात आपोआप काच खाली करायला गेला.